अनुभव धागा : सगळ्यात वाईट एफ-वन ड्रायव्हर कोण, आणि तुम्ही तो कुठं बसून बघितला?

धागाकर्ता, सातारा

परवा पोवई नाक्यावर चहाला उभे होतो. मी सहज बोलून गेलो की एफ-वनच्या, म्हणजे फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या, इतिहासात युजी इडेपेक्षा वाईट ड्रायव्हर झाला नाही. मित्रानं अर्धा कप तसाच ठेवला आणि म्हणाला, "तू ताकी इनोऊ बघितलाच नाहीस." तासभर भांडलो. म्हटलं, आता सगळेच भांडू.

अट एकच. नुसतं नाव टाकून पळायचं नाही. तो कधी बघितला आणि डोक्यात का बसला, ते सांगायचं. ट्रॅकवर जीव गेलेल्यांना यात ओढू नका.

माझ्यापासून सुरुवात. २००६, इमोला. इडेची जेमतेम चौथी शर्यत. पहिल्याच लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या पहिल्याच फेरीत, त्यानं अल्बर्स नावाच्या ड्रायव्हरच्या मिडलँड गाडीला असं ठोकलं की ती गाडी कोलांट्या खात वाळूत गेली. अल्बर्स धडधाकट बाहेर आला, पण इडेचं सुपर लायसन्स, म्हणजे एफ-वन चालवायचा परवाना, एफआयएनं (या खेळाच्या संघटनेनं) काढून घेतलं. मी सोफ्यावर लोळून हसलो होतो. त्याच महिन्यात आरटीओत आठ काढताना पाय टेकला म्हणून मी स्वतः नापास झालो होतो, ते सोयीनं विसरून!

त्याची सुपर अगुरी टीमची गाडी म्हणजे २००२ च्या अ‍ॅरोज गाडीचाच सांगाडा होता, सरावही धड मिळालेला नव्हता, हे पुढं कळलं. तरी माझं मत इडेलाच.

गॅरेजवाला, मिरज

गाडी बघितल्याशिवाय ड्रायव्हरला नावं ठेवायची नाहीत, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. एका गिऱ्हाइकानं टेम्पोवरचे तीन ड्रायव्हर बदलले. तक्रार काय, तर सगळे गाडी डावीकडं घालतात. चौथ्याला घेऊन माझ्याकडं आला. मी पुढचं चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी धरून हलवलं तर टाय रॉडचा (चाक स्टेअरिंगला जोडणाऱ्या दांडीचा) एंड खुळखुळ्यासारखा वाजायला लागला. तीन माणसांची रोजी गेली ती त्या खुळखुळ्यापायी.

म्हणून लोक पेरी मॅकार्थीचं नाव घेतात तेव्हा मला राग येतो. १९९२, आंद्रेआ मोडा टीम. गडी एकदाही शर्यतीला पात्र ठरला नाही, खरं आहे. पण इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला कोरड्या ट्रॅकवर त्याला पावसाळी टायर लावून सोडलं होतं. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकला वेगात असताना स्टेअरिंग जाम झालं. त्याच टीमच्या गाडीत रोबेर्तो मोरेनोनं मोनॅकोला जागा मिळवली, हाही मुद्दा आहे, मान्य. पण मोरेनोला निदान गाडी मिळत तरी होती. मालकच नालायक असेल तर ड्रायव्हर काय करणार?

कराड

माझं उत्तर ऐकून शिव्या पडतील. नारायण कार्तिकेयन.

२००५ मध्ये इंडियानापोलिसला मिशेलिन टायरवाल्या चौदा गाड्या शर्यत सुरू व्हायच्या आधीच आत गेल्या आणि सहाच उरल्या. आपला नारायण चौथा, पाच गुण! रात्री उशिरा मी आणि चुलतभाऊ आवाज बंद करून बघत होतो, कारण आजोबा शेजारी झोपलेले. ओरडता येईना म्हणून उशी चावली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सांगितलं, "भारत चौथा आला." कुणीतरी विचारलं, "किती जणांत?" तिथंच हवा गेली.

मग २०१२. मेलबर्नला त्याच्या एचआरटी टीमच्या दोन्ही गाड्या १०७ टक्क्यांच्या नियमात बाद. म्हणजे पात्रता फेरीच्या पहिल्या टप्प्यातल्या सर्वांत वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांतही बसल्या नाहीत. पुढच्याच शर्यतीत, मलेशियात, व्हेटेल या ड्रायव्हरचं टायर त्याला घासून फुटलं आणि व्हेटेल चिडून त्याला काकडी म्हणाला. आमच्यात काकडी ही शिवीच नाही, त्यामुळं राग नेमका कशाचा धरायचा तेच कळेना.

*(धागाकर्ता: अहो, दोन्ही एचआरटी बाद म्हणजे त्याचा जोडीदार पेद्रो दे ला रोसाही बाद. मग एकट्या नारायणला का धरता?)*

कराडकर: आपला म्हणून. परक्याला एवढं मनाला लावून कोण घेतं?

वाई

लुका बादोएर. हे नाव टाकताना मलाच वाईट वाटतंय. लग्नानंतर दहा वर्षं मी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. मग एकदा सासऱ्यांना पाचगणीला न्यायचं होतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. पसरणी घाटात तिसऱ्या वळणावर गाडी बंद पडली, मागं एसटी. हँडब्रेक ओढला, क्लच सोडला, परत बंद. एसटीवाला हॉर्नसुद्धा देईना, नुसता बघत होता. हॉर्न दिला असता तर बरं वाटलं असतं.

बादोएरचंही दहाच वर्षांचं अंतर. २००९ मध्ये फेरारीचा ड्रायव्हर फेलिपे मासा जखमी झाला म्हणून फेरारीनं आपल्या टेस्ट ड्रायव्हरला बसवलं, पण त्या वर्षी हंगामात टेस्टिंगलाच बंदी. व्हॅलेन्सियाला पात्रता फेरीत शेवटचा, स्पाला परत शेवटचा. आणि स्पाची ती शर्यत तसल्याच फेरारीत रायकोनेन जिंकला! मग बादोएरला काढून फिसिकेल्लाला आणलं. तो त्याच स्पाला फोर्स इंडियात दुसरा आला होता. फेरारीत पाच शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नाही. हे कुणी सांगतच नाही.

आणि १९९९ चं न्यूरबुर्गरिंग. हाच माणूस मिनार्डीसारख्या दुबळ्या गाडीत चौथा चालला होता, तेरा लॅप राहिल्या असताना गिअरबॉक्स गेला. गाडीवर डोकं टेकून रडला. पन्नास शर्यती, एकही गुण नाही. त्याचं नाव मागं घेऊ का?

फलटण

माझेपिन. बापाची कंपनी टीमची स्पॉन्सर. २०२१ ला बहारीनची पहिली शर्यत, पहिली लॅप, तिसरं वळण, खेळ खलास. मी फोडणीचा भात गरम करून येईपर्यंत आटपलं होतं. जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तासगाव

आमच्या घरी बैलगाडीच्या शर्यतीचा नाद तीन पिढ्यांचा. आमच्याकडंही छकड्यावर बसणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात आणि हरल्यावर हाच वाद : बैल कमी पडला का ड्रायव्हर?

१२ डिसेंबर २०२१, अबुधाबी. पाच लॅप राहिल्या होत्या, हॅमिल्टन पुढं, आणि लतिफी नावाच्या ड्रायव्हरनं आपली विल्यम्स गाडी भिंतीत घातली. सगळ्यांना हळू करून एकत्र आणणारी सेफ्टी कार आली, शेवटच्या लॅपला व्हर्स्टॅपननं हॅमिल्टनला मागं टाकलं. मी हॅमिल्टनवाला. लतिफीला काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. नंतर त्याला जिवे मारायच्या धमक्या आल्याचं वाचलं आणि जीभ आवरली. मिक शूमाकरशी अगदी शेवटच्या जागांसाठी झुंजत होता बिचारा. लगेच पुढच्या गुरुवारी सुप्रीम कोर्टानं बैलगाडी शर्यतींना परवानगी दिली आणि आमच्या घरात लतिफीचं नाव निघायचं बंद झालं.

हा धागा मी आजोबांना वाचून दाखवला. इनोऊचं नाव वर आलंय, पण कुणी सांगितलं नाही म्हणून मीच सांगितलं : १९९५ ला मोनॅकोत त्याची बंद गाडी ओढून नेत असताना अधिकाऱ्यांच्याच गाडीनं ठोकून उलटी केली. त्याच वर्षी हंगेरीत इंजिन पेटलं, हा आग विझवायचा सिलिंडर घेऊन पळाला, तर मदतीला आलेल्या गाडीनं ह्यालाच उडवलं.

आजोबा तंबाखू मळायचे थांबले.

"आन् बैल कुटं हुतं तवा?"

म्हटलं, बैल नसतात त्यात.

"मग त्येच्याकडनं चुकलं काय?"