मदत हवी आहे: आमच्या नागरिक समितीचं पत्र वॉर्ड ऑफिसात घेत नाहीत

सुमेधा_गल्लीकर
गल्लीतल्या लोकांनी मिळून नागरिक समिती केली आहे. पक्ष नाही, पैसा नाही, सगळे नोकरी सांभाळून वेळ देतात. गटार उपसलं आणि गाळ पिठाच्या गिरणीसमोरच टाकून गेले. काळा चिखल, त्यात करवंट्या, दुधाच्या पिशव्या, एक चप्पल. शाळेची मुलं त्याला वळसा घालून भर रस्त्यातून जातात. एक सर आली की सगळं परत गटारात. समितीच्या लेटरहेडवर पत्र घेऊन गेले तर विचारलं, "नोंदणी क्रमांक?" नाही म्हटल्यावर पत्र परत. नोंदणी कुठे होते? लवकर सांगा, पाऊस तोंडावर आलाय.

जुना_घाटकोपरकर
कुठला वॉर्ड? पत्र कुठल्या खात्याला दिलंत? समितीत कोण कोण आहे? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

नाना_वकील
ताई, सरळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था करा. सात सभासद लागतात. घटना, ठराव, पदाधिकारी, सगळं रीतसर. मग कुणाची टाप नाही पत्र परत करायची.

अर्जवाला
नाना, संस्था होईपर्यंत दिवाळी येईल. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. गटारसफाईची वर्क ऑर्डर, कंत्राटदाराचं बिल, गाळ वाहून नेल्याच्या नोंदी मागा. अर्ज एक नागरिक म्हणून करायचा असतो, समिती लागतच नाही.

नाना_वकील
३० दिवसांत पाऊस थांबणार आहे का? आणि एकट्याच्या अर्जाने गल्ली एक होत नाही.

सुमेधा_गल्लीकर
वॉर्डाचं नाव लिहीत नाही, रोज तिथेच जायचंय. पूर्व उपनगर समजा. पत्र आवक-जावकला देत होते. समितीत पाच सोसायट्यांचे सेक्रेटरी आहेत.

जुना_घाटकोपरकर
मग तुम्हाला एएलएम हवं, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन, पालिकेकडे नोंदलेला रहिवाशांचा गट. मुंबई पालिकेने १९९७ च्या सुमारास सुरू केलं, सुरुवात आमच्या घाटकोपरच्या जोशी लेनमधून. ओला-सुका कचरा वेगळा करण्यापासून लोक जमले, मग रस्ते, झाडं, दिवे असे विषय येत गेले. वॉर्डातल्या घनकचरा खात्यात जाऊन एएलएमचं काम कोण बघतं ते विचारा आणि सहाय्यक आयुक्तांच्या नावाने अर्ज द्या. दरम्यान पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइन नंबरवर तक्रार करून क्रमांक घ्या, त्याला लेटरहेड लागत नाही.

एक विचारतो. गल्लीत पाच सोसायट्याच आहेत का?

सुमेधा_गल्लीकर
टोकाला दोन चाळी आहेत, मागे नाल्याला लागून झोपड्या. त्यांना बोलावलं होतं. आमची सभा संध्याकाळी सातला असते, ते लोक नऊला घरी येतात.

चाळकरी_संजू
गाळ परत गटारात गेला की पाणी आधी कुणाच्या घरात शिरतं ताई? आमच्यासारख्यांच्या. आणि गल्लीच्या नावाने बोलणार सोसायट्यांचे सेक्रेटरी. आमच्याकडेही अशीच समिती होती. पहिली मागणी केली फेरीवाले हटवा. चाळीतल्या बायकाच तिथे भाजी विकतात. पुढच्या सभेला आमच्यातलं कुणी गेलं नाही.

अर्जवाला
फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती असते. त्यावर वेगळा धागा हवा.

मंदार_ठाकुर्ली
सोसायट्यांचं डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का? नसेल तर आधी ते करा. बिल्डरने अडकवलं तर जन्म जातो. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज...

जुना_घाटकोपरकर
मंदार, इथे गाळाचं चाललंय.

नाना_वकील
क्षेत्र सभेचं कुणी बोलतच नाही! ७४ वी घटनादुरुस्ती वॉर्ड समित्यांपर्यंत आली, महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्र सभाही आणली. नगरसेवकाने मतदारांसमोर बसायचं. नगरसेवकाकडे मागा ना सभा!

अर्जवाला
मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपल्यावर कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळात पत्रं कुणाला देत होतात? म्हणून म्हणतो, अर्ज.

चाळकरी_संजू
नगरसेवक असो नसो, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या एका कागदावर आल्या की साहेबाला परत पाठवणं जड जातं. आमच्या बायकांनी पाण्याच्या वेळेसाठी असंच केलं. पत्रावर ना लेटरहेड ना शिक्का, नुसती नावं आणि खोली नंबर. वेळ बदलून मिळाली.

सुमेधा_गल्लीकर
संजूदादा, रविवारी सकाळी चाळीच्या चौकातच बैठक लावते, नाल्याकडच्या घरांना मी स्वतः निरोप देते. १९१६ वर तक्रार केली, क्रमांक मिळाला. उत्तर आलंय की गाळ आधी सुकू देतात, ओला नेला तर गाडीतून रस्ताभर सांडतो. ते पटतं, पण पावसाआधी उचला एवढंच म्हणणं आहे. एएलएमच्या अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर द्या, रविवारी सह्या घ्यायच्या आहेत. चाळीत भाडेकरू आहेत, त्यांची सही चालते का?

जुना_घाटकोपरकर
राहतो त्याची सही घ्या. नमुना खासगी निरोपात पाठवलाय. दोन प्रती काढा, एकीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.