डबा कानाने कसा पारखलात? टू-इन-वनपासून ब्लूटूथ बूमबॉक्सपर्यंतचे अनुभव

दादर_पश्चिम
लोकहो, घरात नवा बूमबॉक्स घ्यायचं घाटतंय. बाबांचा आखातातून आलेला टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकाच डब्यात) अजून धडधाकट आहे, भाचा ब्लूटूथवाल्याच्या बाजूने भांडतोय आणि दुकानदार वॉट मोजून दाखवतो. वॉटचं पुराण पुरे झालं. तुमच्याकडे जो डबा आहे किंवा होता, त्याचा आवाज तुम्ही काय वाजवून पारखलात? कुठल्या खोलीत? कुठलं बटण रोज वापरात आलं आणि कुठलं नुसतं मिरवायला राहिलं? जुने-नवे सगळे चालतील. कृपया ‘आजकालच्या वस्तूंत दम नाही’ एवढ्यावर थांबू नका, काय कमी आहे तेही लिहा.

चिराबाजार
मस्त धागा. आमच्या चाळीत मामांनी कुवेतहून आणलेला डबा होता, दोन्ही स्पीकर सुटे होणारा. त्याची खरी करामत तीच. डब्याला चिकटवून वाजवला की सगळा आवाज मधोमध. स्टिरिओ म्हणून जो काही होता तो अगदी जवळ बसलेल्यालाच मिळायचा. स्पीकर काढून एक कपाटावर आणि एक खिडकीत ठेवला की तबला एका बाजूला, सारंगी दुसऱ्या बाजूला आणि गवई मध्ये, असं स्पष्ट बसायचं.

‘वाइड’ नावाचं एक बटण होतं. दाबलं की आवाज एकदम पसरायचा, पाहुणे खूश. पण नीट ऐकलं तर गाणाऱ्याचा गळा पोकळ व्हायचा. पुढे कळलं की ते सर्किट एका बाजूचा थोडा आवाज उलटा करून दुसऱ्या बाजूत मिसळतं, त्यामुळे मधला आवाज मार खातो. आम्ही ते वाद्यवृंदाला लावायचो, एकट्या गायकीला बंद.

नाचणारे लाल-हिरवे दिवे मात्र फक्त गणपतीत कामाला आले.

ठाणे_नौपाडा
रुमाल टाकून ठेवते. सविस्तर नंतर.

कुर्ला_नेहरूनगर
दुरुस्तीच्या धंद्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो. चोरबाजारात किंवा कुणाच्या माळ्यावर जुना डबा मिळाला तर पैसे देण्याआधी हे बघा.

आधी मागची बाजू. व्होल्टेजचा खटका ११०/२२० असा आहे का? आखातातल्या सेटला बहुधा असतो. जपानच्या घरगुती बाजारातला सेट मात्र १०० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० वर लावलात की ट्रान्सफॉर्मर गेला. त्याला स्टेपडाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, लॅमिंग्टन रोडला मिळतो. त्याच जपानी सेटची एफएम पट्टी पाहा. ती ७६ ते ९० असेल तर मुंबईत काही उपयोग नाही, कारण आपली स्टेशनं ९१ च्या पुढे बसली आहेत. १०८ पर्यंत जाणारी पट्टी असेल तरच घ्या.

मग सेलची पेटी उघडा. स्प्रिंगवर पांढरं-हिरवं चढलेलं असेल तर सेल पाझरले आहेत. ते साफ होतं, पण त्याची वाट वायरीतून आत बोर्डापर्यंत गेली असेल तर हात लावू नका.

आता आवाज. कॅसेट लावताना दणदणीत गाणं लावू नका, त्यात सगळे दोष झाकले जातात. बासरीचा लांब सूर किंवा नुसता तंबोरा लावा. टेप ठरलेल्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर जायला हवी. बेल्ट सैल असेल किंवा रबर रोलर कडक झाला असेल तर सूर हलतो, आणि बासरीत ते लगेच पकडता येतं. मुंबईच्या दमट हवेत जुने बेल्ट कधीकधी डांबरासारखे चिकट होऊन पुलीला लपेटतात. ते स्पिरिटने पुसून नवा बेल्ट टाकावा लागतो. जुना तुकडा सोबत घेऊन गेलात तर मापाचा मिळतो.

आवाज मंद, कोंदट येत असेल तर डबा वाईट आहे असं लगेच ठरवू नका. हेडवर, म्हणजे टेप ज्याला घासून वाचली जाते त्या भागावर, तपकिरी थर असेल, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने जातो. तरी कोंदट असेल तर हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, बहुतेकदा स्प्रिंगवर बसलेला. कॅसेट चालू ठेवून तो केसभर इकडे-तिकडे फिरवा. एका जागी झांजेचा ‘स्स’ अचानक उघडतो, तिथे थांबा. आणि टेपचा प्रकार (साधी की क्रोम) निवडायचा खटका बघा. साध्या कॅसेटला ‘क्रोम’वर ठेवलंत तर वरचा आवाज आपोआप दबतो.

शेवटी व्हॉल्यूम हळूहळू फिरवा. खरखर झाली तर पाच मिनिटांचं काम आहे, भाव पाडायला मात्र उपयोगी पडते.

दादर_पश्चिम
कुर्ला दादा, हे वेगळं जपून ठेवतेय! रेकॉर्डिंगबद्दल कुणी लिहील का?

भांडुप_गावदेवी
मी लिहिते. आमच्या महिला भजनी मंडळाचा सगळा सराव टू-इन-वनवर टेप केलेला आहे. अंगच्या माइकवर रेकॉर्ड करताना हे डबे आवाजाची पातळी स्वतःच ठरवतात, तुमच्या हातात काही नसतं. त्याचा परिणाम ऐका: पखवाजावर जोरात थाप पडली की त्याच क्षणी गाणारीचा आवाज बुडतो, आणि थाप विरली की पेटी, खोकला, पंख्याची घरघर हळूहळू वर चढत येते. पुढची थाप आली की पुन्हा सगळं खाली. अख्खा अभंग असा श्वास घेत राहतो. टाळ तर नुसते चरचरतात.

यावर आमचा उपाय असा की डबा स्टुलावर, पखवाजापासून लांब, मुख्य गायिकेच्या समोर. टाळकरी बायका मागे. सपाट फरशीवर ठेवू नका, मोटरची घरघर माइकमध्ये येते. खाली चादरीची घडी घाला. आणि सी-९० पेक्षा सी-६० बरी. एका बाजूला अर्धाच तास मिळतो, पण आतली टेप जाड असते, गुंतत नाही.

नवा ब्लूटूथवाला सुनेने दिलाय, आवाज छान आहे. पण त्यावर टेप करता येत नाही, मग आम्हाला तो अर्धाच.

गोरेगाव_पूर्व
पीएमपीओ (क्षणभराचे फुगवलेले वॉट) लिहिलेला कुठलाही डबा बघितला की मी पुढे चालू लागतो. आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे खरे वॉट विचारा. तो आकडा खोक्यावर सापडत नसेल तर तेच उत्तर.

वसई_रोड
माझ्याकडे ब्लूटूथवाला मोठा बूमबॉक्स आहे. सोसायटीच्या गच्चीवर सकाळी व्यायामाचा वर्ग घेते, म्हणून घेतला. उघड्यावर खर्जाला भिंतीचा आधार मिळत नाही, दुकानात छाती हलवणारा डबा गच्चीवर अर्धाच वाटतो. कठड्याच्या कोपऱ्यात पाठ करून ठेवला की बराच भरतो. निवडताना मी आवाज चढवत-चढवत ऐकलं. काही डबे मध्यावर झकास वाजतात आणि पाऊण भाग ओलांडला की खर्ज गुपचूप काढून घेतात, कारण आतलं सर्किट स्पीकर वाचवत असतं. मग उरतो तो नुसता किंचाळा. हा निदान शेवटपर्यंत डग्गा ऐकवतो.

आयपी ६७ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी, तीही साध्या पाण्यात. समुद्रावर नेलात तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा आणि चार्जिंगचं तोंड पूर्ण सुकेपर्यंत वायर लावू नका. टीव्हीला ब्लूटूथने जोडला तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. ऑक्सची (थेट आवाज नेणारी) वायर लावा, प्रश्न मिटतो. ऑक्सचं भोक आहे की नाही ते मात्र घेतानाच बघा, अलीकडे काढून टाकतात.

परळ_गाव
सगळं खरं, पण लोकलमध्ये वाजवणाऱ्यांचं काय करायचं? दुसऱ्या वर्गाच्या डब्यात संध्याकाळी सहाला कुणाला कोणाचा खर्ज ऐकायचाय? आमच्या गल्लीत तर रात्री दहानंतरही सुरू. दहा ते सहा उघड्यावर भोंगा बंद, हा नियम २००० सालापासून आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, म्हणजे शांत बोलण्याच्याही खालीच. सुविधांच्या यादीत ‘हळू वाजला तरी नीट ऐकू येतो का’ हे सगळ्यात वर लिहा.

चिराबाजार
परळकरांना +१. जुन्या सेटवर ‘लाउडनेस’ म्हणून खटका असायचा तो यासाठीच. हळू वाजवताना कानाला खर्ज आणि तार कमी जाणवते, तो ती तेवढी उचलून द्यायचा. लोक मात्र फुल आवाजात तो दाबून ठेवायचे आणि स्पीकर फाडायचे.

मालाड_मार्वे
रेडिओवर कुणी बोललंच नाही. आकाशवाणी मुंबईची विविध भारती ११८८ किलोहर्ट्झवर आणि अस्मिता वाहिनी ५५८ वर, दोन्ही मीडियम वेव्हवर, ऐकत मोठे झालो. आता दुकानात बूमबॉक्स विचारला तर मीडियम वेव्ह नाहीच, एफएम असलं तर नशीब. जुना डबा असेल तर एक करून बघा: मीडियम वेव्ह लावून डबा टेबलावर गोल फिरवा. आतली फेराइटची कांडी दिशा धरते, एका कोनात स्टेशन भरतं आणि दुसऱ्यात जवळजवळ गायब होतं. वरचा दांडा ओढून काही होत नाही, तो एफएम आणि शॉर्ट वेव्हचा. एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर जवळ असेल तर गुरगुर येते. तो बंद करून मगच सेटला नावं ठेवा.

ठाणे_नौपाडा
रुमाल उचलते. सविस्तर काही नाही, एकच विचारायचंय. कुर्ला दादा, हेडचा स्क्रू फिरवला, माझ्या जुन्या कॅसेटी एकदम उघडल्या, पण भावाकडच्या कॅसेटी आता त्याच डब्यावर कोंदट येतात. असं का?

कुर्ला_नेहरूनगर
ताई, कारण तुमच्या कॅसेटी ज्या मशीनवर टेप झाल्या तिचं हेड थोडं तिरकं होतं. आता तुमचा डबाही तितकाच तिरका झालाय. कंपनीची छापील कॅसेट लावून स्क्रू परत बसवा, आणि तुमच्या घरच्या कॅसेटी ऐकताना स्क्रूला पाव आटा द्या, झालं की परत. मी त्या जागी नेलपॉलिशची खूण करून ठेवतो.