१६ कोर घेऊनही प्रोग्रॅम दुप्पटसुद्धा फास्ट नाही, मदत हवी आहे

मंडळी, २०१६ चा चार कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) डेस्कटॉप आठ वर्षं वापरून शेवटी १६ कोरवाला घेतला. माझा स्वतः लिहिलेला आकडेमोडीचा एक प्रोग्रॅम आहे, जुन्यावर सहा तास खायचा, म्हटलं आता तासाभरात उरकेल, कसलं काय, साडेतीन तास! टास्क मॅनेजर बघितला तर सीपीयू ६ टक्क्यांवर निवांत. १९९२ चा ४८६ प्रोसेसर होता ६६ मेगाहर्ट्झचा आणि २००० मध्ये पेंटियम ४ आला थेट दीड गिगाहर्ट्झवर, तोही आठच वर्षांत, आणि कोडला हात न लावता सगळं पळायचं. माझं सेटिंग चुकतंय, पीस खराब आहे की प्रोसेसरच आता थकलेत?

प्रतिसाद १:
पीस ठणठणीत आहे. १०० भागिले १६ करा, सव्वासहा येतं, म्हणजे एकच कोर राबतोय, बाकीचे पंधरा बघे. आणि प्रोसेसर थकलेत का म्हणाल, तर दर काही वर्षांनी दुप्पट होण्याचा नियम मूरने १९६५ मध्ये चिपवरच्या ट्रान्झिस्टरच्या (सूक्ष्म स्विचच्या) संख्येबद्दल सांगितला होता, स्पीडबद्दल नाही. स्पीड फुकटात मिळत होता तो डेनार्डच्या १९७४ च्या नियमामुळे, ट्रान्झिस्टर लहान झाला की व्होल्टेजही कमी, त्यामुळे तेवढ्याच जागेत उष्णता वाढत नसे. २००५ च्या आसपास ते अडलं, व्होल्टेज आणखी उतरवलं की बंद ट्रान्झिस्टरमधूनही करंट गळतो. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ त्याआधीच, २००४ मध्ये, गुंडाळला होता. मग काय, कोर वाढवत बसले. तुमचा लूप (तीच आकडेमोड फेरीफेरीने करणारा भाग) तोडून कोरांमध्ये वाटता येईल का?

धागाकर्ता:
नाही ना, प्रत्येक फेरीला आधीच्या फेरीचं उत्तर लागतं.

प्रतिसाद २:
मग तो लूप सोळाच काय, शंभर कोरवरही तसाच. अ‍ॅमडालचा नियम बघा, न वाटता येणारा भागच वेग अडवतो, ९० टक्के काम वाटून दिलं तरी १६ कोरवर वेग जेमतेम ६.४ पट मिळतो, तुमचं तर वाटलंच जात नाहीये. पण इनपुट एकच आहे का?

धागाकर्ता:
अरे देवा. चाळीस फाइली आहेत, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही, मी एकामागून एक चालवतोय.

प्रतिसाद २:
😀 सोळा-सोळा सोडा एकदम.

धागाकर्ता:
सव्वीस मिनिटं!! फक्त क्लॉक (गिगाहर्ट्झचा आकडा) खाली आला आणि पंखा गिरणीसारखा घरघरतोय, चालेल ना?

प्रतिसाद १:
चालेल. सगळे कोर एकदम तापले की क्लॉक उतरणारच, वर म्हटलं तीच उष्णता. कूलरवरची धूळ तेवढी बघा.