मदत हवी आहे: हृदयाच्या गोळ्या चालू असताना ताठरतेची गोळी चालते का?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे, पण विचारायला दुसरी जागा नाही.

मी खानापूर तालुक्यातला, वय 56. शुगर बरीच वर्षं आहे, बीपी आहे. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं म्हणून बेळगावात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. चालू गोळ्या: मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, मेटोप्रोलोल, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, आणि रक्त पातळ राहायला अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल. रात्री लघवीला सारखं उठावं लागायचं म्हणून यंदा टॅम्सुलोसिन सुरू झाली. शिवाय खिशात सॉर्बिट्रेट 5 ची पट्टी असते, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला. घरी आल्यापासून ती एकदाही लागलेली नाही.

अडचण अशी की वर्षभर झालं, ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. बायको काही बोलत नाही. पण एका खोलीत असून दोघं पाठ करून झोपायलोय, ते सहन होईना. निपाणीच्या एका पाव्हण्यानं सिल्डेनाफिल 100 च्या गोळ्या दिल्यात. "अर्धी घे, काही होत नाही, मी घेतो की" म्हणाला. अजून घेतलेल्या नाहीत.

डॉक्टरांना विचारावं तर मुलगा बरोबर असतो. फाईल त्याच्याकडे, बोलणंही तोच करतो, कारण डॉक्टर कन्नड बोलतात आणि माझं कन्नड बाजारापुरतं. पोराच्या पुढ्यात हे कसं काढायचं? यातली कुठली गोळी त्याच्याबरोबर चालत नाही तेवढं सांगा. सॉर्बिट्रेट रोज घेत नाही, मग ती धरायची की नाही?

औषधवाला निपाणी

दादा, ती गोळी घेऊ नका. अर्धीही नको.

सॉर्बिट्रेट धरायची, आणि सगळ्यात आधी तीच धरायची. ती नायट्रेट जातीची. नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या सैल करणारा पदार्थ शरीरात वाढतो. सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गोळ्या तोच पदार्थ मोडू देत नाहीत. एकानं नळ सोडला आणि दुसऱ्यानं मोरी बुजवली की काय होईल, तसं. बीपी धाडकन खाली येतं, माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जाऊ शकतो. हे 'शक्यतो टाळा' यातलं नाही, ही पूर्ण बंदी आहे. रोज घेता की कधीतरी, यानं काही फरक पडत नाही, कारण दुखायला लागलं की तुमचा हात खिशाकडंच जाणार. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे किंवा छातीवर लावायची पट्टी, निकोरँडिल, हे सगळं त्याच बंदीत येतं.

सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान 24 तास आणि टाडालाफिल घेतल्यावर किमान 48 तास नायट्रेट द्यायचं नसतं. टाडालाफिलचा असर 36 तासांपर्यंत राहतो, म्हणून.

दुसरी तुमची टॅम्सुलोसिन. तिच्याबरोबर बंदी नाही, पण उठताना चक्कर येऊन पडायला होतं. आधी टॅम्सुलोसिन अंगी लागलेली हवी, मग ताठरतेची गोळी अगदी कमी मात्रेनं, सिल्डेनाफिल असेल तर 25 पासून. तुम्हाला हातात 100 ची दिलीय, ती दिवसाची कमाल मात्रा आहे. लघवीचं औषध बदललं तर पट्टीवरचं नाव वाचा. टाडालाफिल 5 प्रोस्टेटसाठीही रोज देतात, म्हणजे एकच औषध दोन डॉक्टरांकडून येऊ शकतं.

टेल्मिसार्टननं बीपी थोडं आणखी उतरेल, ते डॉक्टर बघून ठरवतात. मेटफॉर्मिनची, अ‍ॅस्पिरिनची अडचण नाही. मेटोप्रोलोलसारख्या गोळ्यांनी काहींची ताठरता कमी होते, पण म्हणून ती मनानं बंद करू नका. एकदम सोडली तर हृदयाला धोका.

आणखी एक, आपल्याकडं हे फार होतं. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल महिना महिना घेतात. ती किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर सिल्डेनाफिल रक्तात कितीतरी जास्त साठतं. त्वचेच्या डॉक्टरांना हे कोण सांगतो?

शहापूरची

मी नर्स आहे, कॅज्युअल्टीत काम केलंय. दादा, रागावू नका, पण मला भीती गोळीपेक्षा लपवण्याची वाटते.

समजा नवरा चोरून गोळी घेतो. रात्री छातीत कळ येते. बायको घाबरते आणि प्रेमानंच सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवते. किंवा दवाखान्यात डॉक्टर विचारतात, पेशंट मान खाली घालून "काही घेतलं नाही" म्हणतो, कारण मुलगा उभा आहे. तिथंही नायट्रेट दिलं जातं. माझ्यासमोर असं झालंय. पुढं डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तर वहिनींना नाव आणि वेळ माहीत असू द्या. ती घेतलेली असताना छातीत दुखलं तर जिभेखाली काही ठेवायचं नाही, 108 ला फोन करायचा आणि पहिलं वाक्य हेच: "यांनी ही गोळी एवढ्या वाजता घेतलीय."

वहिनी बोलत नाहीत म्हणता. बऱ्याच बायकांना वाटतं, यांचं मन उडालं आपल्यावरून. शुगरनं नसा आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन हे होतं, एवढं तरी त्यांना आजच सांगा. गोळी नंतर बघू.

यळ्ळूरकर

मुलाचं मी सांगतो. आत जाताना चिठ्ठी द्या: 'ताठरतेची अडचण आहे, उपाय हवा, सॉर्बिट्रेट जवळ आहे.' मराठीत लिहिली तरी बेळगावात वाचणारं कुणीतरी असतंच. किंवा डॉक्टरांना एवढंच म्हणा, "सर, निम्म हत्तिर ओब्बने माताडबेकु." म्हणजे तुमच्याशी एकट्यानं बोलायचंय. मुलाला ते स्वतः बाहेर थांबवतात.

विचारायचं हे: मला नायट्रेटची गरज अजून आहे का? गरज नसेल तर तपासून ते बंद करतात आणि मग गोळीचा विचार होतो. निर्णय त्यांचा, आपण पट्टी फेकून द्यायची नाही. गरज असेल तरी ताठरतेसाठी व्हॅक्यूम पंप आहे, इंजेक्शन आहे. आणि वर्षभरात ही तक्रार नव्यानं सुरू झालीय हेही हृदयवाल्याला कळायलाच हवं. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्यापेक्षा बारीक, अडथळा तिथं आधी दिसतो.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. पाव्हण्याच्या गोळ्या परत देतो. अजून एक विचारतो. संतेत एकजण जडीबुटीची पावडर विकतो, 'पूर्ण आयुर्वेदिक, साईड इफेक्ट नाही' म्हणतो. डॉक्टरांची तारीख मिळेपर्यंत ती चालेल का?

औषधवाला निपाणी

नको. अशा पावडरींत आणि कॅप्सूलांत सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेक देशांतल्या तपासण्यांत सापडलंय. किती घातलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तासाभरात असर दिसला तर आधी तोच संशय घ्या. तुमच्या खिशात सॉर्बिट्रेट आहे तोवर ती पावडर आणि पाव्हण्याची गोळी यांत फरक नाही. सिल्डेनाफिल शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय मी देत नाही, मागणारा ओळखीचा असला तरी. डॉक्टरांकडं जाताना सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, टॅम्सुलोसिनचीसुद्धा. ती दुसऱ्या डॉक्टरची म्हणून घरी राहते.

मलप्रभाकाठ

सोमवारी जातो. पिशवी भरून ठेवलीय. हिलाही बरोबर नेतोय.