शब्दचर्चा: 'ग्रोथ हार्मोन'ला मराठीत काय म्हणावं? वाढ, वृद्धी की विकास?

अनुवादिका: डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणते आहे. हाती आलेल्या कच्च्या मसुद्यात असं वाक्य आहे: 'विकास संप्रेरकाच्या कमतरतेमुळे या मुलांचा विकास खुंटतो.' कानाला खटकतंय. 'वृद्धी संप्रेरक' करू का?

निवृत्त मास्तर: 'संप्रेरक' राहू द्या, चांगला घडवलेला शब्द आहे. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली 'हार्मोन' हा शब्द रूढ केला, तो 'चालना देणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. 'प्रेरक' त्याला चपखल बसतो. 'विकास' मात्र काढाच. अंग वाढतं ती वाढ. मूल मान धरतं, उपडं पडतं, बोबडं बोलायला लागतं, तो विकास. पोरगी उफाड्याची आहे म्हणतो तेव्हा तिच्या अकलेबद्दल आपण काहीच बोललेलो नसतो. 'वृद्धी'बद्दल म्हणाल तर आमच्याकडे वृद्धी म्हणजे सोयर. घरात मूल जन्मलं की दहा दिवस देवाला हात लावायचा नाही. शास्त्रीय ग्रंथात चालेल, पालकांच्या हातात द्यायच्या कागदावर नको.

बालरोगतज्ज्ञ: मास्तरांशी सहमत, पण त्या वाक्याचं दुखणं शब्दापुरतं नाही. हे हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतं, गाढ झोपेत त्याचे मोठे झोत सुटतात. यकृत वगैरे ठिकाणी त्याच्यामुळे आयजीएफ-१ हे वाढीचं दुसरं संप्रेरक तयार होतं आणि हाडांची लांबी वाढते. डाउन सिंड्रोममधली कमी उंची या हार्मोनच्या सरळ कमतरतेमुळे असते असं म्हणता येत नाही. काही मुलांत आयजीएफ-१ कमी आढळलं आहे, कमतरताही एखाद्यात असू शकते, पण ते सगळ्यांना लागू नाही. मूळ कारण २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत.

आणि 'विकास संप्रेरक' वाचून पालक काय समजतील? इंजेक्शन दिलं की पोरगं बोलायला लागेल. स्वीडनमध्ये अगदी तान्ह्या वयापासून काही वर्षं हे हार्मोन देऊन पाहिलं. १९९९ साली ते प्रसिद्ध झालं. उपचार चालू असताना उंची वाढण्याचा वेग सुधारला, विकासाच्या चाचण्यांत ठळक फरक दिसला नाही. म्हणून नुसतं डाउन सिंड्रोम आहे एवढ्यावर आम्ही ते देत नाही. खरी कमतरता सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

एक आई: दवाखान्याच्या बाकावर कुणी संप्रेरकही म्हणत नाही आणि पीयूषिकाही. 'वाढीचं इंजेक्शन' म्हणतात, नाहीतर 'उंचीचं'. माझ्या मते 'उंचीचं' जास्त प्रामाणिक. आमच्या चिरंजीवांना कमरेला बसणारी पँट घेतली की पाय चार बोटं आत दुमडून टीप मारावी लागते. इतर मुलांना वाढत्या अंगाचे म्हणून कपडे सैल घेतात. आमची टीप पुढच्या दिवाळीपर्यंत उसवावी लागत नाही. तरी 'खुंटली' म्हटलं की राग येतो हो. वाढतोय की तो, सावकाश.

बालरोगतज्ज्ञ: ताई, तुमचा राग योग्य आहे आणि तो शब्द मला दुसरीकडे हवाही आहे. 'खुंटणे' म्हणजे थांबणे. ही मुलं वाढतात, त्यांची वाढ मंद असते. म्हणूनच त्यांच्यासाठी उंची-वजनाचे वेगळे चार्ट आहेत; अमेरिकेतले नवे २०१५ चे. साध्या चार्टवर सर्वांत खालच्या रेषेखाली असलेला ठिपका या चार्टवर मधोमध येऊ शकतो. पण स्वतःच्याच रेषेवरून मूल घसरू लागलं, तर मी 'वाढ खुंटली' म्हणेन, आणि मग शोध घ्यायचा: थायरॉइड, गव्हाची ॲलर्जी म्हणून लोक ज्याला ओळखतात तो सिलिॲक आजार, हृदयाचा दोष, झोपेत श्वास अडणं. थायरॉइड तर या मुलांत वारंवार बिघडतं. जन्मतः, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, रक्तात तपासायचं. वाढीचं कोडं पुष्कळदा तिथेच सुटतं, आणि थायरॉइडची गोळी स्वस्त आहे.

निवृत्त मास्तर: झकास. खुंट म्हणजे कापलेल्या झाडाचा उरलेला बुंधा, जमिनीत ठोकलेली मेखसुद्धा. रोपावर तो शब्द घाईने लावू नये.

अनुवादिका: अजून एक. मसुद्यात 'डाउन' अवतरणात टाकून पुढे 'म्हणजे खाली गेलेला' असं लिहिलंय!

एक आई: हे आमच्या नातेवाइकांतही ऐकलंय. बुद्धी 'डाउन' म्हणून डाउन.

बालरोगतज्ज्ञ: ते आडनाव आहे. जॉन लँग्डन डाउन, इंग्रज डॉक्टर, १८६६ साली त्यांनी या लक्षणांचं वर्णन केलं. त्यांनी वापरलेला 'मंगोल' शब्द मात्र कुठे राहिला असेल तर काढून टाका. मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही १९६५ पासून तो सोडला. जादा गुणसूत्राचा शोध १९५९ चा.

अनुवादिका: मग हे कसं वाटतं: 'डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची उंची सावकाश वाढते. प्रत्येकाला वाढीच्या हार्मोनची कमतरता असतेच असं नाही. हे इंजेक्शन उंचीसाठी असतं. बोलणं, चालणं, शिकणं यांसाठी नसतं.'

एक आई: 'मूल आपल्या चार्टवरून घसरलं तर आधी थायरॉइड तपासा' हेही घाला. ठळक अक्षरांत.

निवृत्त मास्तर: 'हार्मोन' चालवून घेतलं. पण कंसात एकदा 'संप्रेरक' लिहाच.