खरेदीखतातली 'मळई' म्हणजे काय? गाळच ना?

काठावरचा:
आजोबांच्या वेळचं एक खरेदीखत वाचतोय, चतुःसीमेत (जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे त्यात) लिहिलंय "पश्चिमेस मळई व नदी". आधी मी मलई वाचलं आणि हसलो, मग नीट बघितलं तर चक्क ळ आहे. घरात विचारलं तर एक जण म्हणतो मळा असेल, दुसरा म्हणतो मळी, म्हणजे साखर कारखान्यातली?? शाळेत गाळाची मृदा शिकलो, कुठेतरी जलोढ पण वाचलंय, हे सगळं एकच का? आणि गाळ जर गाळण्यावरून आला असेल तर उलटंच झालं की, गाळून खाली येतं ते स्वच्छ पाणी, घाण तर गाळणीत वर राहते.

शब्दवेडी:
गाळणी डोक्यातून काढ आधी 😀 मूळ क्रियापद गळणे, संस्कृत गल्, म्हणजे ठिबकणं, खाली पडणं. पानगळ, फळगळ म्हणतो ना, तेच. पाण्यातून गळून तळाशी बसलं तो गाळ. नदीचा वेग कमी झाला की आधी जाड वाळू पडते, मग बारीक वाळू, अगदी बारीक माती सगळ्यात शेवटी, म्हणजे शब्द बरोबरच आहे.
जलोढ म्हणजे जल + ऊढ, पाण्याने वाहून आणलेलं. प्रौढ मधला ऊढ तोच. पण हा पुस्तकी शब्द आहे, बोलताना कोणी जलोढ म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. मळई मला मळ वरूनच आलेला वाटतो, कारखान्यातली मळी पण त्यातलीच, मागे राहिलेला मळ. मळ्याचा संबंध मला पटत नाही.

सातबारावाला:
मळई जुना शब्द असला तरी मेलेला नाही, कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 32 आणि 33 बघ, 'मळईची जमीन' असंच आहे. काठाला नदीने नवीन जमीन आणून टाकली तर ती एक एकरच्या वर जाईपर्यंत काठावरच्या भोगवटादाराला (ज्याच्या ताब्यात तिथली जमीन आहे त्याला) तात्पुरती वापरता येते, त्यापुढे गेली की विषय कलेक्टरकडे. आणि उलट नदीने जमीन खाल्ली, निदान अर्धा एकर, तर कलम 34 खाली शेतसारा कमी करून मागता येतो. म्हणून गाळ आणि मळई एक नाही. धरणात साचतो तो गाळ (सरकारी योजनेचं नाव पण 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' आहे), आणि काठाला लागून जमीन तयार होते ती मळई. नर्सरीवाले विकतात तो पोयटा, गाळातलीच बारीक सुपीक माती.
नदी तिथे वळते का रे? वळणाच्या आतल्या बाजूला पाणी संथ असतं, मळई तिथेच धरते, बाहेरच्या बाजूचा काठ तुटत जातो.

काठावरचा:
हो वळते, आणि आम्ही आतल्याच बाजूला! आत्ता नकाशा काढून बघितला, खतात नदी पश्चिमेला आहे पण आमच्या हद्दीची रेघ आणि पाणी यात बरीच जागा मोकळी दिसतेय, दरवर्षी आम्ही तिथे काकडी लावतो आणि मला वाटायचं ते आपलंच आहे. समोरच्या काठावरचे काका नदीला शिव्या का देतात ते पण आज कळलं.

सातबारावाला:
काकडी लाव, पण आधी मोजून घे एक एकर होतंय का.