टेस्टिंगपुरतं सर्टिफिकेट तपासणं बंद ठेवलं तर बिघडतं कुठे?

बॅकएंडवाली
काल एका जुन्या जावा प्रोजेक्टचा कोड चाळताना परत तेच दिसलं: समोरचा सर्व्हर खरा आहे हे दाखवणारं सर्टिफिकेट तपासणंच बंद. जावात ही तपासणी करणाऱ्या एक्स५०९ट्रस्टमॅनेजरचा घरगुती क्लास, त्यात प्रत्यक्ष तपासणारी चेकसर्व्हरट्रस्टेड मेथड रिकामी. वर कॉमेंट, 'तात्पुरतं, यूएटीसाठी' (म्हणजे रिलीजआधीच्या वापरकर्ता-चाचणीसाठी). कॉमेंट चार वर्षांपूर्वीची आणि कोड प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरात! समोरून कुठलंही सर्टिफिकेट आलं तरी जावा मान डोलावणार. मध्ये कुणी बसला तर पासवर्ड, टोकन सगळं त्याच्या हाती, आणि लॉगमध्ये एक ओळ उमटणार नाही. माझ्या मते ही पळवाट टेस्टिंगमध्येही नको.

रिलीजची_रात्र
असहमत. रात्री अकराला 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' ही सर्टिफिकेट न पटल्याची एरर येते, समोरच्या टीमचं सर्टिफिकेट सेल्फ-साइन्ड (त्यांनी स्वतःच सही केलेलं), त्यांचा माणूस फोन उचलत नाही. टेस्टरना बसवून ठेवायचं का? यूएटीत डेटा खोटाच असतो. तपासणी बंद असलेलं वेगळं प्रोफाइल (सेटिंगचा संच) फक्त यूएटीसाठी ठेवा, विषय संपला.

बॅकएंडवाली
डेटा खोटा, पण सर्व्हिस अकाउंटचा (प्रोग्रामच्या लॉगिनचा) पासवर्ड कित्येकदा प्रॉडक्शनमधलाच असतो हो! आणि प्रोफाइलच्या एका चुकीच्या व्हेरिएबलवर सगळी सुरक्षा टांगायची? त्यापेक्षा जावाच्या कीटूलने ते सर्टिफिकेट वेगळ्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासू सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये) घाला आणि जेव्हीएमला, म्हणजे जावा चालवणाऱ्या प्रोग्रामला, त्याचा पाथ द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

रिलीजची_रात्र
पाच मिनिटं? आम्ही तसा पाथ दिला आणि पेमेंट गेटवेचे कॉल बंद पडले. नवा ट्रस्टस्टोअर दिला की जावा स्वतःच्या सीएसर्ट्सकडे, म्हणजे सोबत आलेल्या मूळ ट्रस्टस्टोअरकडे, बघतच नाही. अर्धी रात्र त्यात गेली.

कंटेनर_आणि_किल्ल्या
म्हणून आधी सीएसर्ट्सची प्रत काढायची आणि त्यात भर घालायची. तीही सर्व्हरच्या सर्टिफिकेटची नको, कंपनीच्या अंतर्गत सीएच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेच्या) रूटची, म्हणजे मूळ सर्टिफिकेटची घाला, म्हणजे सर्टिफिकेट बदललं तरी पुन्हा हात लावावा लागत नाही. सार्वजनिक सर्टिफिकेटची मुदत तर १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, आणि २०२९ पासून ४७. हाताने इम्पोर्ट करणाऱ्यांचे हाल होतील.

आणखी एक, याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. थेट एसएसएलसॉकेट (जावाचं खालच्या पातळीवरचं सुरक्षित कनेक्शन) वापरलात तर साखळी, म्हणजे सर्टिफिकेट विश्वासू रूटपर्यंत पोचतं का, हे तपासलं जातं; होस्टनेम, म्हणजे ते त्याच सर्व्हरच्या नावाचं आहे का, हे नाही. एंडपॉइंट आयडेंटिफिकेशन अल्गोरिदम 'एचटीटीपीएस' असा स्वतः सेट करावा लागतो. जावाचा एचटीटीपीएसयूआरएलकनेक्शन क्लास हे आपणहून करतो, म्हणून सगळीकडे होतच असेल असं लोक धरून चालतात.

रिलीजची_रात्र
होस्टनेमचं माहीत नव्हतं, उद्याच तपासतो. रूटचंही पटलं. पण आमच्याकडे अंतर्गत सीए सांभाळायचं काम नेमकं कुणाचं, हेच ठरलेलं नाही. ते ठरेपर्यंत यूएटीचं प्रोफाइल मी काढणार नाही.

बॅकएंडवाली
मग निदान प्रॉडक्शनच्या बिल्डमध्ये तो रिकाम्या तपासणीचा क्लास सापडला तर बिल्ड पाडा. तेवढं तरी उद्याच करा.